माळावरचा उलटा फेरा

१

रविवारी दुपारची जेवणं उरकली की उमरग्याबाहेरच्या माळावर गाड्या जमायच्या. निजामाच्या अखेरच्या वर्षांत कुणीतरी विमानं उतरवायची म्हणून तो माळ सपाट केला होता. विमान काही आलं नाही. राज्य गेलं, मुरूम तेवढा राहिला. त्या मुरमावर डॉक्टर नारायणरावांनी चुन्याच्या फक्कीनं लांबट गोल आखून घेतला, वळणांवर डांबराची रिकामी पिपं उभी केली आणि घरच्या गाड्या पळवायचा नाद गावाला लावला.

ही शर्यत नव्हे, असं ते दर रविवारी बजावायचे. एका पाळीला एकच गाडी सोडायची. तिचा धुरळा बसला की दुसरी. जो पहिला आणि शेवटचा सोडून बाकीचे फेरे सारख्या वेगानं घालील आणि गाडी धडधाकट परत आणील, तो वस्ताद. वेळ ते नाडी बघायच्या घड्याळावर मोजायचे. "एक फेरा वाऱ्यासारखा मारून वाफा सोडत येणारा ड्रायव्हर म्हणजे तापातला रोगी," असं म्हणून स्वतःच हसायचे.

गाड्या रोजच्याच. डॉक्टरांची काळी मोटर, तेलघाणा चालवणाऱ्या शांतलिंगप्पाची लिलावातली जीप, आणि महारुद्रची करडी गाडी. ती बाकीचे सहा दिवस सोलापूरच्या रस्त्यावर सवाऱ्या ओढायची.

वस्ताद महारुद्रच. पहिला फेरा तो लग्नाच्या वरातीसारखा घालायचा. लोक टाळ्या वाजवून चेष्टा करायचे, तरी त्याची घाई व्हायची नाही. इंजिनात तेल नीट फिरलं की मगच तो गाडी सोडायचा. ब्रेक वळणात कधी नाही, वळणाच्या अलीकडं, सरळ रस्त्यात. पेडल मऊ लागलं की पुढचा अख्खा फेरा ब्रेकला पाय लावायचा नाही, नुसत्या गिअरवर गाडी आवरायची. आणि शेवटचा फेरा पुन्हा हळू, चाकांना वारा लागू द्यायचा.

"लिंबा, उद्या हिला सवारी घिऊन जायाचंय," तो म्हणायचा. "आज सगळा जीव काढला, तर उद्या काय मग आपुन ढकलायची व्हय?"

लिंबाजी, त्याचा धाकटा भाऊ, डावीकडं बसलेला असायचा. दोन इयत्तांत शाळा सोडलेला, डोक्यात लवकर राख घालणारा. भावाला 'आण्णा' म्हणायचा. आण्णा गाडी हाकायचा आणि लिंबा त्याच्याकडं बघायचा. डावा गाल, डावा कान, कानामागं खोचलेली विडी. वर्षानुवर्षं त्यानं भावाला तेवढाच बघितला.

माघात महारुद्र गेला.

२

मडगार्डाच्या पत्र्यानं पोटरी कापली होती. महारुद्रनं वरून ग्रीस चोपडलं, हसला, आणि सवारी घेऊन निघून गेला. पुढच्या आठवड्यात दातखीळ बसली. डॉक्टरांच्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. लिंबा तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर गेलेला, आणि ट्रक बिदरच्या पलीकडं मोडून पडलेला. तो घरी आला तेव्हा राखसुद्धा निवली होती. मडकं खांद्यावर घेऊन फेरे घातले ते चुलतभावानं, श्रीमंतनं.

लिंबा रडला नाही. त्यानं एकच गोष्ट धरून ठेवली.

"वैनी, तोंड कसं दिसत व्हतं आण्णाचं?"

शिवगंगा वैनी चुलीपुढं भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "निजल्यावानी, भावजी."

गाड्या दुरुस्त करणाऱ्या उत्तरेश्वर मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला, "चांगलं व्हतं." डॉक्टर म्हणाले, "शांत होता." तिघंही बोलताना खाली बघत होते. लिंबाला अक्षरं वाचता येत नव्हती धड, पण खाली बघणारा माणूस त्याला वाचता यायचा.

मग त्यानं श्रीमंतला गोठ्यात गाठलं.

"म्या नीट बघितलं न्हाय रं," श्रीमंत म्हणाला. "तोंड झाकूनच नेलं."

"कामून झाकलं? सगळ्यांचं उघडं ठिवत्यात. शेवटचं बघाया मिळावं म्हणून ठिवत्यात. आण्णाचंच कामून झाकलं?" लिंबानं त्याची कॉलर धरली होती.

श्रीमंतनं हात सोडवून घेतला नाही. "हसत व्हता, लिंबा," तो हळूच म्हणाला. "म्हणून झाकलं."

त्या दिवसापासून लिंबाला भावाचं तोंड आठवेना. डोळे मिटले की डावा गाल यायचा, डावा कान, विडी. तो मनातल्या मनात म्हणायचा, आण्णा, जरा इकडं वळ की. तो गाल काही वळायचा नाही. एकदा, एकदाच समोरून बघायला मिळालं असतं, तर लिंबा मग काही मागणार नव्हता.

३

चैत्रातल्या एका रविवारी त्यानं करडी गाडी बाहेर काढली.

"भावजी, वरीस व्हईस्तोवर नका जाऊ माळावर," वैनी म्हणाली.

"सवारीला जातो की रोज. मग माळानं काय घोडं मारलंय?"

"सवारीला जाता तवा परत येता," ती म्हणाली.

माळावर सगळ्यांनी त्याला हात केला. बाभळीच्या सावलीत पंचवीस-तीस माणसं, चिवड्याच्या पुड्या, शांतलिंगप्पाच्या तेलघाण्यावरची पोरंठोरं. ऊन असं की मुरमाकडं बघवत नव्हतं. लिंबाला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी. डावी बैठक मोकळी होती, तिकडं त्यानं बघितलंच नाही.

पहिल्या पाळीत त्यानं सगळं विसरून गाडी सोडली. वरातीचा फेरा नाही, काही नाही. पहिल्याच वळणात पिपाला घासून गेला, ब्रेक वळणाच्या मध्यात दाबले, मागचं अंग मुरमावर भेलकांडलं आणि लिंबा मोठ्यानं ओरडला, "हाऽऽ!" जिवात जीव आल्यासारखं झालं त्याला. तिसऱ्या फेऱ्याला पेडल भाकरीच्या पिठासारखं मऊ झालं. चौथ्याला बॉनेटमधून वाफ निघाली, आणि गाडी बाभळीखाली येऊन उभी राहिली तेव्हा शिट्टी घालत होती.

"यप्पा! चहा ठिवलास काय रे बॉनेटाखाली?" शांतलिंगप्पानं पुडीतला चिवडा तोंडात टाकत विचारलं. "कप आणायला पाठवू?"

लोक हसले. लिंबाही हसला.

डॉक्टरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. "एकाही फेऱ्याचा दुसऱ्याशी मेळ नाही, लिंबाजी. गाडी आहे ही, उधळलेलं खोंड नाही. भाऊ कसं चालवायचा ते बघितलंयस ना?"

"बघितलंय. डावीकडून."

उत्तरेश्वर मिस्त्री चाकाशी उकिडवा बसला होता. महारुद्रची गाडी त्याच्याच हाताखालून गेलेली. "डावी टायरं संपली," तो म्हणाला. "फेरा सदा एकाच अंगानं. वळणात सगळा भार डाव्या बाजूला पडतो. आता बस कर."

लिंबा म्हणाला, "मग उलट्या अंगानं फिरवतो. डावा हात आत. म्हंजी उजवी झिजतील, डाव्यांना आराम."

डॉक्टरांना ते पटलं. "अरे वा! हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

मिस्त्री उठून उभा राहिला. "उलटा फेरा न्हाय घालायचा. देवळात जातो तसा फेरा हाय हा, उजव्या हातानं. डाव्या हातानं कुठं फिरत्यात, म्हाईत न्हाय व्हय तुला?"

"टायरला काय कळतंय डावं-उजवं, मिस्त्री?" डॉक्टर हसून म्हणाले.

"टायरला न्हाय कळत. मी माणसाचं बोलाय लागलोय. गळतं मडकं खांद्यावर घिऊन घालतो माणूस तसले तीन फेरे. घालतो आन् मागं न बघता घरी येतो. तसल्या फेऱ्याचा खेळ करू नाय, लिंबा. तेबी वरीस झालं नसताना."

लिंबाच्या कानशिलात रक्त चढलं. "मला कुठं घालू दिला तसला फेरा कुणी? श्रीमंतनं घातला. माझा ऱ्हायलाय. आता घालतो, बघा."

आणि रेडिएटरात बादलीभर पाणी ओतून तो गाडीत बसला.

४

उलट्या अंगानं माळ निराळाच होता. तीच पिपं, तीच रेघ, पण सगळं अनोळखी. त्यामुळं असेल, पहिला फेरा त्यानं आपसूक हळू घेतला.

पलीकडच्या लांब बाजूला लागला तेव्हा पुढं धुरळा दिसला.

पुढच्या वळणावर, पिपाच्या जरा पुढं, मुरमाचा तांबूस लोट उठला होता. एखादी गाडी नुकतीच वळून गेल्यावर उठतो तसा, खाली दाट आणि वर पातळ. लिंबाला वाटलं, शांतलिंगप्पा चुकून आत शिरला. त्यानं वळण घेतलं. लोट त्याच्या पुढच्या वळणावर गेला होता.

तो जोरात गेला, लोटही जोरात गेला. तो हळू झाला, लोट हळू झाला. मग लिंबाच्या ध्यानात आलं की लोट त्याच्या तालावर चालत नाही, तोच लोटाच्या तालावर चाललाय. पुढचा धुरळा वळणाच्या अलीकडं थोडा दाटला की तिथं ब्रेक मारायचा. पातळ झाला की पाय सोडायचा. त्यानं तसंच केलं. गाडी लोण्यातून सुरी गेल्यासारखी वळली.

अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. लिंबाला इतका आनंद कधीच झाला नव्हता. पेडल घट्ट, इंजिनाचा सूर एकसारखा, वारा कपाळावर. असं चालवायचं असतं होय! बाभळीपाशी लोक टोप्या उडवत होते. शेवटचा फेरा लोट हळू झाला, मंद, वरातीसारखा, आणि चाकांना वारा लागू देत लिंबाही हळू झाला.

थांबला तेव्हा डॉक्टर धावत आले. "मधले सगळे फेरे एकसारखे! अगदी महारुद्रसारखे. काय केलंस?"

"माझ्याफुडं कोण व्हतं?"

"पुढं? कोणी नव्हतं. एका पाळीला एकच गाडी."

लिंबानं वळून बघितलं. जीप बाभळीखाली उभी होती, चाकाला दगड लावलेला. काळ्या मोटरीच्या बॉनेटवर एक कोंबडी बसली होती.

५

चैत्रात माळावर वावटळी उठतात. लिंबानं लहानपणापासून शेकडो बघितल्या होत्या. वावटळ होती, तो स्वतःला म्हणाला. तापलेल्या मुरमावर उठली आणि गेली. पण वावटळ फक्कीच्या रेघेवरून फिरत नाही, वळणाआधी हळू होत नाही. मग वाटलं, आपलाच धुरळा असेल, वाऱ्यानं पुढं नेलेला. त्यानं मूठभर मुरूम उचलून सोडला. धूळ सरळ खाली पडली. वारा नव्हताच.

मग त्याला हसू आलं. वावटळ नको होती त्याला, वारा नको होता. कोण होतं ते त्याला ठाऊक होतं. आणि गाडी पुढं असली की ती गाठता येते, बरोबरीनं आणता येते. बरोबरीनं आली की उजव्या-डाव्या काचेतून आतलं दिसतं.

डॉक्टर डब्यातलं पाणी पीत होते. लिंबा त्यांच्यापुढं जाऊन बसला.

"डॉक्टरसाहेब, आण्णा मरताना हसत व्हता का?"

डॉक्टरांनी डबा खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "कोणी सांगितलं?" मग म्हणाले, "धनुर्वातात चेहरा ओढला जातो, बाळ. जबडा आवळतो, गाल मागं खेचले जातात. लांबून हसल्यासारखं दिसतं. ते हसणं नसतं. मेल्यावरही ते सैल पडलं नाही. तुझ्या वहिनीनंच सांगितलं, झाका म्हणून. तुला कधी कळू द्यायचं नाही म्हणाली."

"म्हंजी माझ्यापासून झाकलं."

"तुझ्यासाठी झाकलं."

लिंबा उठला. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, हात ओले. "रेडिएटरला चीर गेलीय. पाणी ठिबकाय लागलंय. आता न्हाय जायचं."

"थोडंच ठिबकतंय."

"लिंबा, ऐक. तुझ्या भावाच्या गाडीला हात लावून सांगतो—"

"माझ्या भावाचं मला सांगू नका कुणी," लिंबा म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

६

लोट त्याची वाटच बघत होता. या वेळी पहिल्या वळणावर नव्हता, दुसऱ्याच्याही पुढं होता. लिंबानं वरातीचा फेरा घातला नाही. तरी गाडीनं कुरकुर केली नाही. पाणी गळत होतं आणि बॉनेट थंड होतं. वाफेचं नाव नाही. पाऊल पेडलवर कसं पडतंय याचाही त्याला विचार करावा लागत नव्हता. जणू ती सारी अक्कल दोन्ही पायांत उतरली होती.

"थांब की आण्णा!" तो ओरडला. "आलो, आलो!"

बाभळीपाशी आरोळ्या उठल्या. शांतलिंगप्पा जीपच्या टपावर चढून उपरणं फिरवत होता. लिंबानं हॉर्न दाबला, लोक आणखी ओरडले.

दुसऱ्या फेऱ्यात लोट माळाच्या पार समोरच्या बाजूला होता. लिंबा इकडच्या लांब अंगाला, तो तिकडच्या. मधल्या मोकळ्या माळावरून आवाज आला. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायची आण्णाची सवय होती, मध्ये श्वासाएवढी उसंत. ती उसंत लिंबानं झोपेतही ओळखली असती. धुरळ्यात करडं काहीतरी सरकलं. तो खदाखदा हसला. गाडी आहे! दिसतेय! त्यानं पाय खाली दाबला.

पण जितका तो दाबत होता, तितका लोट आणखी पुढं जात होता. हाती लागायचा सोडून लांब लांब. मुरमावर रेघेच्या आत पाण्याची ओली धार दिसली, त्याच्याच गाडीनं मागच्या फेऱ्यात सांडलेली. बाभळीच्या पुढं मिस्त्री रेघेपाशी आला होता. तो वाकून त्या ओल्या धारेकडं बघत होता. शेजारी डॉक्टर हातात घड्याळ घेऊन उभे होते, आणि घड्याळाकडं बघत नव्हते.

पुढच्या वळणावर लिंबाला कळलं. गोलावर जो फार फार पुढं निघून जातो, तो लांब जात नाही. तो मागून येतो.

७

आता पुढं धुरळा नव्हता. माळ पुढं स्वच्छ होता, उन्हात पांढरा. मुरमावर दोन ओल्या धारा शेजारीशेजारी पडल्या होत्या आणि लिंबाची गाडी तिसरी ओढत चालली होती.

मागं आवाज होता. त्याच्याच इंजिनाचा सूर, एक श्वास उशिरा.

हा तिसरा फेरा, मडक्याचा शेवटचा. आता थांबायचं नव्हतं. माघापासून जे मागायचं होतं ते त्याच्या पाठीशी येऊन ठेपलं होतं. तो बाभळीच्या अंगाला वळला, लोकांना दाखवायला, बघा, बघा कोण आलंय!

बाभळीखाली सगळे उभे होते. डॉक्टर, मिस्त्री, तेलघाण्याची माणसं, जीपवरून उतरलेला शांतलिंगप्पा. कुणी ओरडत नव्हतं. एकजात सगळे माळाकडं पाठ करून उभे होते. पंचवीस-तीस पाठी, घामानं अंगाला चिकटलेले सदरे, खाली घातलेल्या माना. एका पोरानं वळायला मान हलवली तर मिस्त्रीनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला, आणि स्वतः न वळताच तो ओरडला, "लिंबा! मागं बघू नगंस! सरळ घरी जा, सरळ घरी जा रं पोरा!"

पाठी मागं पडल्या. सोलापूरच्या रस्त्याला लागणारी वाट समोर होती, फक्कीची रेघ ओलांडली की झालं. घरी वैनी होती, भाकरी झाकून ठेवलेली असणार. सकाळी सवारी होती. स्टेअरिंग एवढंसं फिरवायचं होतं.

लिंबानं वर आरशात बघितलं.

आधी त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. ते हसत होतं. दात उघडे, गाल मागं गेलेले. कधीपासून हसत होतो कोण जाणे, गाल दुखत होते. त्यानं ओठ मिटायचा प्रयत्न केला. मिटले नाहीत.

त्याच्या खांद्यामागं, मागच्या काचेपलीकडं, तांबूस धुरळ्यात करडं बॉनेट होतं. अगदी जवळ. त्यामागं स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर एक हात, महारुद्र ठेवायचा तसा, सैल. त्याच्यावर चेहऱ्याच्या जागी पांढरं फडकं, मानेमागं गाठ मारलेलं. फडकं समोर होतं. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, समोर. श्वासाबरोबर ते आत जात होतं, बाहेर येत होतं.

दुसरा हात हळूहळू वर आला आणि मानेमागं, गाठीकडं गेला.

आण्णा कधी घाई करायचा नाही. गाठ सोडायलाही वेळ लागणार होता, आणि वळण जवळ आलं होतं.

लिंबानं डोळे आरशावरच ठेवले आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.